लिटल वॉल्टरची 'बेस्ट ऑफ' तबकडी : एवढ्यावर भागतं का?

खिडकीपाशी (धागाकर्ता)
मंडळी, सल्ला हवा आहे. भांडणाचीही तयारी आहे.

माझा मामा बोटीवर होता. तीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, घर रत्नागिरीजवळ. दोन वर्षांपूर्वी तो गेला. गेल्या महिन्यात मामीने त्याच्या तबकड्यांचा खोका माझ्या हवाली केला. म्हणाली, "तुलाच त्यातलं कळतं." कळत काही नाही, पण मामीला कोण सांगणार!

खोक्यात कुमार गंधर्व, ज्योत्स्ना भोळे, जिम रीव्हज अशी अपेक्षित मंडळी होती. सगळ्यात खाली 'द बेस्ट ऑफ लिटल वॉल्टर'. मी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. प्लेअरवर चुकून दुसरी बाजू आधी लागली. थोडी खरखर झाली आणि वाटलं, वा, सॅक्सोफोन! अर्ध्या मिनिटाने लक्षात आलं की हा माउथ ऑर्गन आहे. मी बसलो तिथेच. माझ्या लेखी माउथ ऑर्गन म्हणजे शाळेच्या सहलीची बस आणि 'है अपना दिल तो आवारा'. हे प्रकरण निराळंच होतं. एखाद्याने दारू पिऊन, रडून, मग तोंड धुऊन गप्पा मारायला यावं तसं.

नंतर थोडी शोधाशोध केली. तबकडी १९५८ची, गाणी १२. त्यातली दहा १९५२ ते १९५५ या काळात बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या दहांत आलेली आणि दोन 'मागच्या बाजू', म्हणजे गाजलेल्या गाण्याच्या तबकडीच्या पाठीवरची. सगळं मिळून अर्ध्या तासाहून थोडं जास्त.

प्रश्न दोन. एक : एवढ्यावर भागतं का, की त्याच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचा ५ सीडींचा संच आहे तो घ्यावा? दोन, आणि हा खरा प्रश्न : शितावरून भाताची परीक्षा करतात हे ठीक, पण ही शितं निवडली कुणी? खप बघूनच ना?

बंड्या_डोंबिवली
लिटल वॉल्टर म्हणजे छोटा वॉल्टर. मोठा कुठे असतो?

खिडकीपाशी
बंड्या, पहिलाच प्रतिसाद तुझा येणार हे माहीत होतं. :)

तिरकस
'बेस्ट ऑफ', 'सदाबहार', 'निवडक', 'सुवर्णगीते' ही सगळी दुकानदारी. कंपनीने एकदा विकलेला माल पुन्हा विकायचा, नवं फक्त वेष्टन. आमच्या घरी एका गायिकेच्या 'सर्वोत्तम' अशा चार कॅसेटी होत्या. चारींत मिळून गाणी अकरा. बाकी सगळी तीच ती, क्रम बदलून. तुम्ही थेट ५ सीडींचा संच घ्या, निवड स्वतः करा.

काळी_चार
तिरकस, तुमचं म्हणणं एरवी मान्य, पण या तबकडीला लागू होत नाही. वॉल्टरच्या काळात या संगीताचं चलन ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी होतं. एका बाजूला एक गाणं, तीन मिनिटांचं. ती ज्यूकबॉक्समध्ये (नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रात) वाजायची, घरी आणली जायची, झिजायची. या श्रोत्यांसाठी लाँगप्ले काढावी हे कंपनीच्याही डोक्यात नव्हतं. शेवटी शिकागोच्या चेस कंपनीने १९५८मध्ये ब्लूज गायक मडी वॉटर्सची 'बेस्ट ऑफ' काढली, क्रमांक १४२७, आणि तिच्या पाठोपाठ ही, क्रमांक १४२८. म्हणजे ही वॉल्टरची पहिलीवहिली लाँगप्ले. आधी 'अल्बम' असा नव्हताच, ज्यातून 'निवडक' काढावं. ज्या गाण्यांसाठी लोकांनी सुटी सुटी नाणी टाकली, ती प्रथमच एका ठिकाणी आली इतकंच.

माझं मत : संग्रह वाईट नसतो, संग्रहाचा हेतू वाईट असू शकतो.

तिरकस
हेतू तेव्हाही विक्रीचाच होता की.

काळी_चार
होताच. पण चार कॅसेटींत अकरा गाणी कोंबण्याचा नव्हता.

शिकागोतला_सातारकर
अरे वा, आमच्या गावचा धागा! (गाव म्हणजे सध्याचं. मूळ गाव नावात आहे.)

धागाकर्त्याने दुसरी बाजू आधी लावली ते चुकून नाही, नशिबाने. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'ज्यूक'. १२ मे १९५२. मडी वॉटर्सच्या ध्वनिमुद्रणाचा दिवस, वॉल्टर त्याच्या चमूतला बाजेवाला, म्हणजे माउथ ऑर्गन वाजवणारा. उरलेल्या वेळात त्यांनी एक धून वाजवली, कार्यक्रमात सुरुवातीला आणि शेवटी वाजवायचे तीच. शब्द नाहीत, नुसतं वाजवणं. ती तबकडी यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आठ आठवडे तिथे बसली. केवळ माउथ ऑर्गनची धून त्या यादीत पहिली येण्याचं हे एकमेव उदाहरण. नोकर कामावरून घरी गेला आणि सकाळी मालकापेक्षा मोठा होऊन उठला, असा प्रकार.

मग गडी मडीच्या चमूत कशाला थांबतोय? गिटारवाले लुई आणि डेव्ह मायर्स हे भाऊ आणि ड्रमवर फ्रेड बिलो, या तिघांच्या 'एसेस'मध्ये ज्युनियर वेल्स हा पोरगा माउथ ऑर्गन वाजवत होता. वॉल्टर तिकडे गेला, वेल्स मडीकडे आला. चक्क अदलाबदल. फ्रेड बिलोचे हात जॅझमध्ये तयार झालेले, त्यामुळे या तबकडीतला ठेका इतर ब्लूजपेक्षा हलका, झुलता वाटतो. ते ऐका.

२१२० साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू, जिथे हे सगळं ध्वनिमुद्रित झालं, तिथे मी पाहुण्यांना हटकून नेतो. भिंतींना हात लावून बघतात लोक.

भाता
सातारकर, राग मानू नका, पण पाहुण्यांना थोडं चुकीचं सांगताय. चेस कंपनी २१२० नंबरला गेली १९५७मध्ये. या तबकडीतली गाणी १९५२ ते १९५५ची. तेव्हा चेसवाले युनिव्हर्सल रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत काम करत. 'ज्यूक' तिथलंच.

शिकागोतला_सातारकर
आई गं! अकरा वर्षं, निदान वीसेक पाहुणे, आणि माझी सासू. सासूला कोण कळवणार आता?

अडगुलं_मडगुलं
सासूला कळवू नका. भिंतीला हात लावल्याचं समाधान कायम राहू द्या.

वसुधा_
विषय चांगला आहे, पण एक भाबडा प्रश्न. मी चौदा वर्षं पेटी शिकले. माउथ ऑर्गनमध्ये पेटीसारख्याच पितळी पट्ट्या असतात ना? आमचे गुरुजी म्हणायचे, पेटीवर मींड निघत नाही, सूर ठरलेले, दोन सुरांमधली जागा मोकळी. म्हणूनच १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, ते १९७१मध्ये कुठे किलकिलं झालं. मग हा मनुष्य सूर असा ओढतो कसा? मी या तबकडीतलं 'ब्लू लाइट' शोधून ऐकलं. त्यात सूर चक्क खाली घसरतो, घसरत राहतो. यंत्राची करामत आहे का?

भाता
वसुधाताई, यंत्राची नाही, तोंडाची. पेट्या आणि बाजे दुरुस्त करणं हा माझा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो.

वॉल्टर वाजवायचा तो दहा भोकांचा साधा बाजा. जर्मन होनर कंपनीचा मरीन बँड, १८९६पासून निघतो. भोकं १०, पट्ट्या २०. प्रत्येक भोकात दोन : एक फुंकल्यावर वाजते, दुसरी ओढल्यावर. कळीचा मुद्दा हा की त्या दोघी एकाच खोलीत राहतात. ओढताना जीभ मागे घेऊन, घसा मोठा करून तोंडातली हवेची जागा बदलली, की वरच्या सुराची पट्टी मंदावते आणि शेजारची खालच्या सुराची पट्टी, जिने खरं तर ओढताना गप्प बसायला हवं, ती बोलायला लागते. सूर त्या दोघींच्या मधे कुठेही थांबवता येतो. दोघींत अंतर जितकं जास्त तितकी मींड लांब. तिसऱ्या भोकात ते सगळ्यात जास्त, म्हणून ब्लूजवाल्यांचा जीव तिसऱ्या भोकात.

पेटीत हे होत नाही, कारण भात्याला घसा नसतो.

आणि एक सावधगिरी : आपल्याकडे जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात, कुठेही मिळतो तो लांब, २४ भोकांचा, दोन ओळींचा बाजा ट्रेमोलो असतो. त्यात एकाच सुराच्या दोन पट्ट्या, किंचित फरकाने लावलेल्या. म्हणून तो लहरतो, गोड लागतो. पण त्यात प्रत्येक पट्टीला स्वतंत्र खोली, शेजारीण नाही. त्यावर मींड काढायला बसलात तर गाल दुखतील, सूर हलणार नाही. माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी येतं, "काका, हा खराब आहे, वाकत नाही." खराब नाही रे बाबा, जात वेगळी आहे.

बंड्या_डोंबिवली
"भात्याला घसा नसतो." हे मी भिंतीवर लावणार.

काळी_चार
भाताकाका, फार सुंदर. त्याला जोडून माझं एक निरीक्षण. संगीतातल्यांना मजा येईल, इतरांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.

पांढरी एकचा (सी पट्टीचा) बाजा घ्या. फुंकलं की सगळीकडे सा ग प. ओढलं की पहिल्या भोकापासून रे प नि रे म ध नि रे म ध. बनवणाऱ्याच्या मनात होतं की फुंकून लोकगीतं वाजवावीत, सा फुंकीचा. ब्लूजवाल्यांनी बाजा उलटा धरला. म्हणजे हातात नव्हे, मनात! दुसऱ्या भोकात ओढून जो पंचम येतो त्यालाच त्यांनी सा मानलं. आता ओढीत दुसऱ्या भोकापासून काय आलं? सा ग प आणि कोमल नि. बिलावलाची पंचमापासूनची मूर्च्छना (सूर तेच, सा वेगळा) : थेट खमाज थाट! वर भाताकाकांची शेजारीण. तिसऱ्या भोकातला शुद्ध ग ओढून कोमल गकडे न्यायचा, पण पूर्ण पोचवायचा नाही. चौथ्यातला पंचम तीव्र मध्यमाकडे झुकवायचा. ब्लूजचा सगळा कडवटपणा त्या न पोचण्यात आहे.

'ज्यूक'मध्ये बाजा पांढरी सहाचा आहे आणि वाजवलंय पांढरी तीनमध्ये. हिशोब करून बघा, बरोबर पंचम.

वसुधा_
अगं बाई! चौदा वर्षांत मला मूर्च्छना इतकी सोपी कुणी सांगितली नव्हती. तीही माउथ ऑर्गनवर. आमचे गुरुजी वर तंबोरा आपटत असतील.

तिरकस
सगळं आपल्या खमाजात बसवायची ही सवय मला खटकते. ब्लूज हे मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून, गुलामीच्या आठवणीतून, शिकागोच्या कारखान्यांकडे आलेल्या काळ्या लोकांचं गाणं. लुइझियानाहून आलेला हा पोरगा मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवत होता. त्याने कुठला थाट ऐकला होता? उद्या म्हणाल नासदीय सूक्तात माउथ ऑर्गन आहे.

काळी_चार
मी 'खमाज आहे' नाही म्हटलं, 'स्वर तेच पडतात' म्हटलं. मला ज्या भाषेत सूर कळतात त्या भाषेत मी सांगितलं. बाकी त्याने काय ऐकलं होतं ते महत्त्वाचं आहे, हे मान्य. त्याच्यावर दोन छाप स्पष्ट आहेत : एक जॉन ली 'सनी बॉय' विल्यमसन, ज्याचा १९४८मध्ये शिकागोत खून झाला, आणि दुसरा लुई जॉर्डन, जो बाजा वाजवतच नव्हता, सॅक्सोफोन वाजवायचा. धागाकर्त्याला सॅक्सोफोनचा भास झाला तो कान चुकला म्हणून नाही. वॉल्टरला तेच हवं होतं.

खिडकीपाशी
हे वाचून बरं वाटलं. बायकोला आत्ताच वाचून दाखवलं.

पण तो आवाज इतका जाड कसा? मामाचा बाजा मी लहानपणी ऐकलाय, तो तर पातळ, शिट्टीसारखा.

अडगुलं_मडगुलं
याचं उत्तर मी देते, कारण माझ्या भावाने हा प्रयोग गणपतीत केला आहे. स्वस्तातला, सूचना देण्यासाठी वापरतात तसला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा माईक बाजासकट दोन्ही तळव्यांत बंद करायचा, हवा बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि तार जोडायची छोट्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला. अ‍ॅम्प्लिफायर झेपेना झाला की आवाज फाटतो. सभ्य ध्वनिमुद्रणात हा दोष. वॉल्टरने याच दोषाला आवाज बनवलं. माईकसमोर वाजवणारे खूप होते, माईकच वाजवणारा हा. त्यावर स्टुडिओतला प्रतिध्वनी.

आमच्याकडे मात्र झालं असं की मंडळाच्या स्पीकरने अशी शिट्टी मारली की आरतीचं ताट घेतलेल्या काकू दचकल्या आणि निरांजन विझलं. भावाला विसर्जनापर्यंत स्टेजवर बंदी.

बंड्या_डोंबिवली
आरतीवरून आठवलं. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं 'माय बेब'. ते म्हणे भजनाच्या चालीवर आहे?

शिकागोतला_सातारकर
बरोबर. 'धिस ट्रेन' हे चर्चमधलं गाणं, सिस्टर रोझेटा थार्प या गायिकेने ते गाजवलेलं. देवाच्या गाडीत जुगारी, लबाड यांना जागा नाही, असा आशय. चेसचा गीतकार विली डिक्सनने त्याच धाटणीवर प्रेमगीत लिहिलं : माझी बाई असले चाळे खपवून घेत नाही! १९५५मध्ये हेही पहिल्या क्रमांकावर.

अडगुलं_मडगुलं
म्हणजे आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर आरत्या, तिकडे भजनाच्या चालीवर सिनेमा. हिशोब जुळला.

फणस_पिकला
मी २०११ साली वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत बडी गाय या ब्लूज गिटारवाल्याला ऐकलंय, महिंद्रा ब्लूज महोत्सवाचं पहिलं वर्ष होतं. हा माणूस तरुणपणी चेसमध्ये गिटार वाजवायचा, मडी वॉटर्सबरोबरही. पंचाहत्तरीच्या आसपासचा म्हातारा, ठिपक्यांची गिटार घेऊन चालत चालत प्रेक्षकांत आला. मी हात लावण्याइतका जवळ होतो. लावला नाही. अजून चुटपुट आहे.

विषयांतराबद्दल क्षमस्व. पण तिथे माझ्या शेजारचा एक मुलगा सगळी गाणी तोंडपाठ गात होता. विचारलं तर म्हणाला, घरी एकच सीडी होती, 'बेस्ट ऑफ'वाली. म्हणजे एका संग्रहावर माणूस आयुष्य काढू शकतो.

तिरकस
एका पुस्तकावरही काढतात. त्याला पोथी म्हणतात.

भाता
मूळ प्रश्नाकडे येतो. माझी तक्रार संग्रहाच्या हेतूबद्दल नाही, व्याख्येबद्दल आहे. 'बेस्ट ऑफ लिटल वॉल्टर' म्हणजे त्याच्या नावावर निघालेल्यांतलं बेस्ट. पण माझ्या मते त्याचं काही सर्वोत्तम काम दुसऱ्यांच्या नावावर आहे. मडीचं १९५४चं 'हूची कूची मॅन' ऐका. चमू सोडून दीड वर्ष होऊन गेलेलं, तरी ध्वनिमुद्रणाला वॉल्टरच. गायक ओळ टाकतो, हा मागून हुंकार भरतो. पुढे यायचं नाही, पण नसला तर गाणं कोसळेल. वसुधाताई, तुम्हाला कळेल, ही साथ आहे. मैफिलीत गोविंदराव पटवर्धनांची पेटी काढून टाका, काय उरतं?

अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला २००८मध्ये घेतलं तेही 'साइडमन' या खात्यात, म्हणजे साथीदार म्हणून. काहींना हा अपमान वाटतो. मला तो सन्मान वाटतो.

काळी_चार
काका, इथे मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. साथीचं मोल मान्य, पण ज्याने चार शब्दविरहित धुना ('ज्यूक', 'सॅड अवर्स', 'ऑफ द वॉल', 'ब्लू लाइट') एका तबकडीवर तोलल्या, त्याला 'साथीदार' म्हणून आत घ्यायचं? पेटीवाल्याला एकल वादनाला बसवायचं नाही, ही आपलीच जुनी खोड तिकडेही आहे म्हणायची.

भाता
खोड आहे खरी. पण साथीला दुय्यम मानणं हीसुद्धा खोडच. असो, आपण दोघं एकाच बाजूने ओरडतोय बहुतेक.

वसुधा_
तो गेला कसा? फार लवकर गेला असं वाचलं.

शिकागोतला_सातारकर
हो. फेब्रुवारी १९६८, वय ३७. रस्त्यावर मारामारी झाली, घरी येऊन झोपला, झोपेतच गेला. दारू होती, राग होता, आधीच्या मारामाऱ्यांचे व्रण चेहऱ्यावर होते. शेवटच्या काही वर्षांत वाजवणंही थकलेलं. थडगं इथून जवळ, एव्हरग्रीन पार्कमध्ये. १९९१पर्यंत त्यावर नावाची पाटीही नव्हती, मग चाहत्यांनी दगड बसवला. मी एकदा गेलो होतो. कुणीतरी एक जुना, गंजलेला बाजा ठेवून गेलं होतं. या वेळी पाहुण्यांना काय दाखवायचं ते तपासून सांगतोय, भाताकाका!

तिरकस
कृपा करून 'जळत्या मेणबत्तीचं आयुष्य' वगैरे सुरू करू नका कुणी. दारूने तो मोठा झाला नाही. दारू नसती तर अजून वीस वर्षं वाजवलं असतं.

फणस_पिकला
तिरकस, तुमच्याशी पहिल्यांदाच शंभर टक्के सहमत. तारीख लिहून ठेवतो.

काळी_चार
धागाकर्ते, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय : शितं कुणी निवडली? दहा गाणी लोकांनी निवडली, ज्यूकबॉक्समध्ये नाणी टाकून. कंपनीने स्वतःच्या मर्जीने घातली ती फक्त दोन. एक 'कान्ट होल्ड आउट मच लाँगर', हे 'ज्यूक'च्या मागच्या बाजूचं. दुसरं 'ब्लू लाइट'. हेही मागच्या बाजूचं, गाजलेलं नाही, यादीत नाही. आणि आज बाजा वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, बहुतेक जण 'ब्लू लाइट'चं नाव घेतात. म्हणजे खपाचा नियम ज्याने मोडला त्याचे कान चांगले होते.

उलट या तबकडीत नाही असंही खूप आहे. 'की टू द हायवे' गाजलं, पण ते १९५८मध्येच नंतर आलं, त्यामुळे बाहेर राहिलं. 'रोलर कोस्टर' नाही. तेव्हा भागतं का? नाही भागत. पण सुरुवात इथूनच करा. ५ सीडींचा संच (त्याला ग्रॅमी मिळालंय) नंतर घ्या. एकाच धुनेचे दोन-दोन, तीन-तीन प्रयत्न त्यात आहेत, ते सुरुवातीला कंटाळा आणतात आणि नंतर तेच सोडवत नाहीत.

खिडकीपाशी
तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि तबकडीचं वेष्टन पुन्हा काढलं. इतके दिवस मागची बाजू नीट पाहिलीच नव्हती. गाण्यांच्या यादीत एकाच नावापुढे शाईच्या पेनाची बारीक खूण आहे. दुसरी बाजू, पाचवं : 'ब्लू लाइट'.

मामा मागच्या पडवीत संध्याकाळी बाजा वाजवायचा तेव्हा एक सूर सारखा सारखा घोळवायचा, आणि थांबून शिव्या द्यायचा. आम्हा पोरांना वाटायचं त्याला वाजवता येत नाही. खोक्यात त्याचा बाजाही सापडला आहे. लांब, २४ भोकांचा, दोन ओळींचा.

भाता
अरेरे. म्हणजे तीस वर्षं शेजारीण नसलेल्या घरात हाका मारत होता माणूस.

वसुधा_
काका, हे वाचून मला हसू पण आलं आणि डोळ्यात पाणी पण.

अडगुलं_मडगुलं
पण बोटीवर होते ना? जगभर फिरले. दहा भोकांचा कुठेही मिळाला असता!

खिडकीपाशी
कुणी सांगितलं असतं तर ना. तबकडीवर थोडंच लिहिलंय किती भोकांचा!

बंड्या_डोंबिवली
गंभीर झालात सगळे. माझा एक व्यावहारिक प्रश्न. तबकडी १९५८ची म्हणजे काही लाखांत जाईल का? लेबलवर काय लिहिलंय?

खिडकीपाशी
निळ्या लेबलवर 'चेस' लिहिलंय.

काळी_चार
मग पहिली आवृत्ती नाही. पहिल्यांदा ती चेसच्याच 'चेकर' या उपकंपनीच्या लेबलवर निघाली, तिची पहिली लाँगप्ले. 'चेस' लेबल नंतरचं. लाख विसरा.

बंड्या_डोंबिवली
म्हणजे विकायची नाही. बरं झालं, एक भांडण वाचलं.

खिडकीपाशी
विकणार कोण! भाताकाका, दहा भोकांचा घ्यायचा तर पहिला कुठल्या पट्टीचा घेऊ?

भाता
पांढरी एकचा. शिकण्याचं सगळं साहित्य त्याच पट्टीत मिळतं. पांढरी सहाचा नंतर, 'ज्यूक'साठी. पहिले दोन महिने तिसऱ्या भोकातून काहीही निघणार नाही, घरचे तक्रार करतील. पडवी असेल तर पडवीत बसा.

खिडकीपाशी
पडवी नाही, तिसरा मजला आहे. बायको म्हणते गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते.